पापे पदरी घेणे

(वाचन : योहानाचे पहिले पत्र, अध्याय १, वचने ८ ते १०)



राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे म्हणून गाव आहे. त्या खोऱ्यात आपल्या लोकांची घरे थोडी व विखुरलेली असल्यामुळे उपासना कोणाच्या तरी पडवीतच होते. काही वर्षांपूर्वी एका जुलै महिन्यात, भाताची लावणी आटोपत आली असता, आम्ही तेथे गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. वर लिहिलेली वचने वाचून प्रार्थना झाली, आणि चहा होईपर्यंत मंडळी बोलत बसली. तेव्हा घोंगडी पांघरून भिंतीशी बसलेल्या एका प्रौढ भावाने विचारले, "पाळकसाहेब, देवाला समदं ठावं हाय. मग त्यालाच पुन्हा सांगायचं कशापायी?"

आम्ही उत्तर दिले. सेमिनरीत ज्या वहीत ते उतरून घेतले होते ती वही बोलताना आमच्या डोळ्यांपुढे उभी होती, एवढे सांगितले म्हणजे ते उत्तर कसे होते हे वाचकांच्या ध्यानात येईल. त्या भावाने मान डोलाविली व तो उगाच राहिला. त्याने तो प्रश्न केवळ जिज्ञासेने विचारला नव्हता हे आम्हांस तासाभराने कळले. ती हकीकत पुढे येईल. आधी तो प्रश्न आज पुन्हा हाती घेऊ.

खेड्यातील मनुष्याच्या कानी 'कबुली' हा शब्द उपासनेत पडण्यापूर्वी पोलीस चौकीत पडतो. "कबूल हो, म्हणजे सुटशील," हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळा. यास्तव पाळकाने पापांची कबुली द्या म्हटले की पुष्कळांच्या मनात चौकी उभी राहते, आणि देव जणू दंडुका घेऊन बसला आहे असे त्यांस वाटते. परंतु सरकारचा कायदाही असल्या कबुलीवर विश्वास ठेवीत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पोलीस अंमलदारापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही मूळ नियम तोच राहिला आहे. कबुली लिहून घेणाऱ्या न्यायाधीशाने आरोपीस आधी सांगावे लागते की, बाबा, कबुली देण्यास तू बांधलेला नाहीस. भीतीने काढलेला शब्द त्या मनुष्याचा नव्हे, तो भीतीचा होय, हे मनुष्याच्या न्यायालयासही कळते. मग जो अंतःकरण पाहतो त्याला का कळू नये?

तेव्हा देवापुढील कबुली ही चौकीतली कबुली नव्हे. मग ती काय आहे? नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत येथे 'होमोलोगेओ' असा शब्द आहे. 'होमोस' म्हणजे एकसारखा, आणि 'लोगोस' म्हणजे शब्द. दुसऱ्याने जे म्हटले तेच आपणही म्हणणे, असा त्याचा अर्थ होतो. बोलणारा पहिला देव आहे. आपल्या कृत्याला काय नाव द्यावयाचे हे त्याने आपल्या वचनात आधीच सांगून ठेविले आहे, आणि आपण दुसरेच नाव देऊन बसलो आहो. तो म्हणतो चोरी. आपण म्हणतो गरज. तो म्हणतो मद्यपान. आपण म्हणतो, दिवसभर चिखलात उभे राहिल्यावर अंग दुखते, त्यावर थोडे औषध. तो म्हणतो वैर. आपण म्हणतो भावकीतला मान राखणे. देवाला बातमी पोहोचावी म्हणून कबुली नाही. त्याच्या आणि आपल्या शब्दांत जे अंतर पडले आहे ते मिटावे म्हणून कबुली आहे. देवाला ठाऊक आहे, हे खरे. पण त्याचे नाव आपल्या तोंडून निघाले आहे का, हा प्रश्न आहे.

आता आपल्या मराठी शास्त्राकडे पाहा. ज्यांनी ते आपल्या भाषेत आणिले त्यांनी ह्या वचनात 'कबूल' हा शब्द न घालता 'पदरी घेणे' असे शब्द घातले. ग्रीक शब्दात पदर कोठेही नाही. पदर आपल्या आयाबहिणींचा आहे. खळ्यावर बाई धान्य पदरात घेते, तेव्हा ते तिचे होते. त्याचा भार तिच्या कमरेला जाणवतो, आणि ते सांडले तर तिचेच सांडते. पाप पदरी घेणे म्हणजे हे माझे आहे असे म्हणून त्याचा भार आपल्या अंगाला लागू देणे. एदेन बागेत आदामाने ते हव्वेच्या पदरात टाकिले, हव्वेने सर्पावर टाकिले, आणि सर्पाला पदर नव्हता म्हणून ते तेथेच पडले. तेव्हापासून प्रत्येक घरात ही टाकाटाक चालूच आहे.

पदरी पडले पवित्र झाले, अशी आपल्यात म्हण आहे. नशिबाने जे आले ते गोड मानून घ्यावे, असा तिचा भाव. पाप मात्र नुसते पदरी पडल्याने पवित्र होत नाही. कित्येक जण वर्षानुवर्षे ते बाळगतात आणि त्याची इतकी सवय होते की भारही वाटेनासा होतो. आणखी एक गोष्ट. आपण भीक मागतो तेव्हा पदरच पसरतो. ज्या पदरात पाप घेतले तोच पदर देवापुढे पसरावयाचा, दुसरा कोठून आणणार? उपासनेस येताना कित्येक जण धुतलेला, घडी केलेला, रिकामा पदर घेऊन येतात. त्यात काही दाखवावयास नसते, म्हणून काही मागावयासही सुचत नाही.

"हे प्रभो, आम्ही महापापी आहो," ही प्रार्थना आम्ही शेकडो वेळा ऐकिली व केली आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण महापापी असणे सोपे आहे. गेल्या मंगळवारी बाजारात मापात मारणारा असणे कठीण. पहिल्यात सारी मंडळी सोबतीला असते, दुसऱ्यात मनुष्य एकटा पडतो. शौल राजाने शमुवेलापुढे "मी पाप केले" असे म्हटले, आणि त्याच तोंडाने मागणे केले की, लोकांच्या वडील माणसांसमोर माझा मान राख (१ शमुवेल १५:३०). दावीदानेही नाथानापुढे तेच म्हटले, आणि पुढे काही मागितले नाही (२ शमुवेल १२:१३). शब्द दोघांचेही सारखेच. शौलाची कबुली मान वाचविण्यापुरती होती, आणि ती जातही आम्हांस आपल्या पंचांच्या सभांत पुष्कळदा भेटते.

ह्याच जिल्ह्यातील, पुणे शहरातील एक जुनी गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी एका सभेस जमली असता त्यांस चहा देण्यात आला. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. कोणी प्याला, कोणी पेल्याला नुसता हात लाविला. पुढे त्यांची नावे छापून आली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. मिशनऱ्यांच्या घरी चहा पिणे पाप आहे असे त्यांचे मन म्हणत होते काय? मुळीच नाही. मन एक म्हणत होते आणि विधी दुसरेच म्हणत होता. त्यांस नावे ठेवण्यास आम्ही हे लिहीत नाही. घरची व मित्रमंडळींची अडचण ज्यास सोसवत नाही अशा थोर मनुष्याचा तो पेच होता. पण जेथे मुख व मन एक नाहीत तेथे कबुली नाही, हे त्यावरून दिसते. आणि आपल्या मंडळ्यांतही पंच माफीपत्र लिहून घेतात, खाली अंगठा उठवितात, आणि तो मनुष्य बाहेर पडून पानतंबाखू खाता खाता हसतो, तेव्हा आपणही ग्रामण्यच करीत असतो. फक्त पंचगव्य नसते.

कबुली ह्या शब्दाचा दुसराही एक उपयोग पवित्र शास्त्रात आहे, आणि तो पापाविषयी नाही. मनुष्यांसमोर ख्रिस्ताला आपला म्हणणे ह्यासही मूळ ग्रीकात तोच शब्द आहे. आपल्या शास्त्रात तेथे 'पत्करणे' असे आहे (मत्तय १०:३२). इब्री भाषेत तर 'तोदा' हा एकच शब्द पापाची कबुली आणि देवाची स्तुती ह्या दोहोंसही चालतो. आखानाला यहोशवाने देवाचे गौरव कर असे सांगितले आणि त्याच दमात काय केलेस ते कबूल कर असेही सांगितले (यहोशवा ७:१९). आपल्यास ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी वाटतात, परंतु देवाच्या लोकांस तसे वाटत नव्हते. जो आपल्याविषयी खरे बोलू शकत नाही तो देवाविषयीही खरे बोलू शकणार नाही.

पत्करण्याविषयी थोडेच सांगतो. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या पुढाऱ्यांपैकी होते. जातिभेद खोटा आहे हे त्या सभासदांस पटले होते. परंतु ते सारे गुप्त. बैठक गुप्त, इतर जातींच्या हातचे खाणे गुप्त, सभासदांची यादी गुप्त. १८६० च्या सुमारास ती यादी चोरीस गेली, आणि नावे उघड होतील ह्या भयाने सभाच मोडली. त्याच सभेत एक बेळगावचा तरुण होता, बाबा पदमनजी. ख्रिस्त खरा आहे हे त्यालाही पटले होते, आणि घरच्यांच्या प्रीतीमुळे व लोकांच्या भयामुळे तोही पुष्कळ दिवस अडखळला. शेवटी १८५४ साली बेळगावात त्याने उघड बाप्तिस्मा घेतला. त्याच्या नावाची यादी मग कोणी चोरून काय करणार होते?

गुंजवण्याहून राजगडावर चढण्याची जी नेहमीची वाट आहे ती चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर निघते. वाट उभी, दरवाजा इतका लहान की जवळ जाईतो दिसत नाही. पालीच्या बाजूने मात्र रुंद पायऱ्या व मोठा दरवाजा आहे. गडाला दोन्ही वाटा असाव्या, त्यात शहाणपण आहे. परंतु आपल्यापैकी कित्येक जण मंडळीतही चोरदरवाजा ठेवितात. रविवारी येशूचे, आणि गावकीत कोणी विचारले तर "आमचं आपलं असंच." बंधूंनो, असे म्हणण्यामागे काय काय असते हे आम्हांस ठाऊक आहे. विहिरीचे पाणी असते, मुलीचे लग्न असते, कागदपत्रांवरील जात असते. आम्ही पगारावर असलेले पाळक हे बोलतो तेव्हा तुम्हांस ते स्वस्त वाटावे हे रास्तच आहे.

बरे, पापाची कबुली द्यावयाची कोणाजवळ? गोव्याकडील आपले रोमन कॅथलिक बंधू पाद्रीजवळ 'कुमसार' करितात. आपल्या मंडळ्यांत पाळकास तसा अधिकार आपण मानीत नाही, कारण मध्यस्थ एकच आहे. हे ठीक आहे. पण त्यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढिला आहे की कोणाजवळच काही बोलावयास नको. याकोब तर एकमेकांजवळ कबूल करा असे लिहितो (५:१६). आणि मोशेच्या नियमशास्त्रात अधिकच स्पष्ट आहे : ज्याचा अपराध केला त्याचे त्यास पुरते भरून द्यावे, आणि वर पाचवा हिस्सा घालावा (गणना ५:७). आपण ज्याला पदरमोड म्हणतो ती हीच. पाप पदरी घेतले की पदर मोडावा लागतो. जक्कयाने ती आपण होऊन केली. आखानाने मात्र वंशावंशाने, कुळाकुळाने, घराघराने चिठ्ठी आपल्यापर्यंत येईतो तोंड उघडले नाही.

सर्व काही सर्वांपुढे बोलावे असेही नाही. ह्याच पुणे जिल्ह्यात, केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ सालच्या जूनअखेरीस जे संजीवन झाले त्यात मुली रडून रडून आपली पापे उघड सांगू लागल्या, हे प्रसिद्ध आहे. पुढे कित्येक ठिकाणी लोकांनी ते रडणे उचलिले. रडणे उचलता येते. आमचे मत असे की, पाप जितक्या लोकांस लागले असेल तितक्यांपुढे त्याची कबुली व्हावी. मनातले देवापुढे, एकाचे केलेले त्या एकापुढे, मंडळीचे केलेले मंडळीपुढे. ह्याहून जास्त सांगण्यात कधी कधी सांगणाराचीच हौस असते, आणि दुसऱ्याच्या लेकीसुनेची अब्रू जाते.

आता गुंजवण्याची हकीकत. ती त्या भावाच्या संमतीने लिहीत आहो. त्याचे घर व वाडी सांगत नाही.

त्या संध्याकाळी एस.टी. गाठण्यासाठी आम्ही निघालो तेव्हा तो भाऊ घोंगडी घेऊन आमच्याबरोबर आला. खाचरांमधल्या बांधावरून चालता चालता तो एके ठिकाणी थांबला आणि म्हणाला, "ह्यो बांध, पाळकसाहेब." पुढे त्यास बोलवेना. बोलण्याची गरजही नव्हती, कारण ते आम्हांस ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी त्याच्या शेजाऱ्याने, जो आपल्या मंडळीतला नव्हे, आम्हांस ह्याच वाटेवर गाठून म्हटले होते, "तुमच्या मानसाचा बांध दर साली चालतोय. तुमचा द्येव बांध मोजत न्हाई व्हय?" आम्ही हसलो होतो. "बोलतो त्याच्याशी," असे म्हणालो होतो, आणि बोललो नव्हतो.

का बोललो नव्हतो? तो भाऊ त्या खोऱ्यातील आमच्या मंडळीचा आधार. उपासना त्याच्या पडवीत. आणि दर सुगीला त्याच्या घरून दोन पायल्या आंबेमोहोर तांदूळ आमच्या घरी येत असे. शेजाऱ्याची शीव सरकवू नये ह्या वचनावर (अनुवाद १९:१४) आम्ही त्या पडवीत तीन वर्षांत एकदाही उपदेश केला नाही; इतर वचने पुष्कळ होती. त्याचा बांध हातभर सरकला होता. आमचा किती सरकला होता हे देव जाणतो.

पावसात उभे राहून हे आम्ही त्यास सांगितले. त्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मंग आपून दोघं जाऊ."

पीक उभे होते, म्हणून कापणी होईपर्यंत मोजणे नव्हते. पण शेजाऱ्याकडे आम्ही त्याच आठवड्यात गेलो. शेजाऱ्याने त्याचे ऐकून घेतले. मग आमच्याकडे वळून विचारले, "आन् तुमी इतकी वर्सं कुटं व्हता?" ह्याचे उत्तर आम्ही सेमिनरीत शिकलो नव्हतो. कापणीनंतर गावातील चार वडील माणसे आली, दोर धरिला. एका टोकास हातभर आणि दुसऱ्या टोकास अडीच हात जमीन निघाली. दगड उचलून जुन्या जागी पुरिला. त्या पट्ट्यातले त्या सालचे भात शेजाऱ्याच्या घरी पोहोचले, आणि वर पाचवा हिस्सा. मागील सालांचा हिशेब दोघांनी बसून केला. त्याची रक्कम दोन सुगींत फिटावयाची ठरली. त्या वर्षी त्या भावाच्या मुलीचे लग्न पुढे ढकलावे लागले. मुलीने हे कसे घेतले हे आम्ही विचारले नाही.

आम्ही खाल्लेल्या तांदळाची किंमत घेऊन शेजाऱ्याकडे गेलो, तर त्याने ती घेतली नाही. "तुमचं पैसं नगं," एवढेच म्हणाला. ते पैसे एका पाकिटात आमच्याजवळ पडून आहेत. ते कोणाचे हे अजून आम्हांस ठरविता आलेले नाही. पुढील रविवारी पडवीत त्या भावाने आपले सांगितले व आम्ही आमचे सांगितले. मंडळीतील एका वडील गृहस्थांस ते आवडले नाही. पाळकानेच असे बोलल्यावर बाहेरचे लोक काय म्हणतील, असे ते म्हणाले. बाहेरचे लोक तीन वर्षे म्हणतच होते.

पुढल्या लावणीला आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. दगड जागेवर होता आणि दोन्ही अंगांस रोप लागले होते. शेजारी आपल्या खाचरात वाकलेला होता. त्याने वर पाहिले, आम्हांस ओळखून मान हलविली, आणि पुन्हा वाकून लावणी करू लागला.